नाव एके ठिकाणी, मतही एके ठिकाणी
(लोकसभेच्या मतदानाविषयी मंडळीसाठी पाठ)

सन २०२४ च्या मे महिन्यात रत्नागिरी-सिंधुदुर्ग ह्या लोकसभा मतदारसंघात ७ तारखेस मतदान झाले, आणि मुंबईच्या सहाही मतदारसंघांत २० तारखेस झाले. मध्ये तेरा दिवसांचे अंतर होते. आता विजयदुर्गचा एखादा मनुष्य घ्या. त्याचे कौलारू घर खाडीच्या काठी आहे, घरात म्हातारी आई आहे, मागे हापूसची चार कलमे आहेत. परंतु तो स्वतः वीस वर्षे मुंबईत खोली करून राहतो व तेथेच त्याची मुले शाळेत जातात. त्याच्या मताचा दिवस कोणता? ७ मे की २० मे? असा प्रश्न केला असता आपल्या गावांत दोन प्रकारची उत्तरे ऐकू येतात. कोणी म्हणतो, जेथे घराणे तेथे मत. दुसरा हळूच म्हणतो, दोन्ही याद्यांत नाव आहे, तेरा दिवसांत बोटाची शाई जाईल. पहिले उत्तर बहुतेक वेळा चुकीचे असते, आणि दुसरे तर सरळ गुन्ह्याचे आहे. मत देण्याचे मार्ग कोणते हे शिकण्यापूर्वी ह्या एका प्रश्नाचा उलगडा करून घेणे अवश्य आहे, कारण पुढील सारे त्यावर उभे आहे.

लूकाच्या दुसऱ्या अध्यायातील नावनिशीची कथा आपणा सर्वांस पाठ आहे. कैसराच्या आज्ञेवरून योसेफ नासरेथ सोडून बेथलेहेमास गेला. तो नासरेथात राहत होता, सुतारकी तेथेच करीत होता; तरी त्याचे नाव लिहिले जावयाचे ते दाविदाच्या गावी, कारण तो दाविदाच्या घराण्यातला. रोमी सरकारने घराणे विचारले. आपल्या देशाचा सन १९५० चा लोकप्रतिनिधित्वाचा कायदा ह्याच्या अगदी उलट विचारतो. तुझा आजा कोठला, तुझे कुलदैवत कोठले, सातबाऱ्यावर नाव कोठे आहे, हे तो विचारीत नाही. तू सामान्यतः राहतोस कोठे, एवढेच विचारतो. त्या कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे ज्याचे वय १८ वर्षांचे झाले आहे आणि जो त्या मतदारसंघात सामान्यतः राहतो, त्याचे नाव त्या यादीत घालावयाचे. २० व्या कलमात तर स्पष्ट सांगितले आहे की, केवळ त्या ठिकाणी घर मालकीचे आहे एवढ्यावरून मनुष्य तेथला रहिवासी ठरत नाही. कुलूप लावलेले घर मत देत नाही.

परंतु त्याच कलमात दुसरी बाजूही आहे, आणि ती आपल्या किनाऱ्यास विशेष लागू पडते. मनुष्य काही काळ घरापासून दूर गेला, एवढ्यानेच त्याचे रहिवासीपण संपत नाही. जो तरुण आठ महिने गोव्याकडे किंवा रत्नागिरीकडे ट्रॉलरवर कामास जातो आणि पावसाळ्यात घरी येतो, ज्याची बायकामुले विजयदुर्गासच आहेत, तो विजयदुर्गचाच मतदार होय. जो सारे बिऱ्हाड घेऊन भांडुपास अथवा नालासोपाऱ्यास गेला व गणपतीला आणि शिमग्याला तेवढा येतो, त्याचे मत जेथे त्याची चूल पेटते तेथले. ह्या दोहोंच्या मध्ये पुष्कळ माणसे असतात, आणि त्यांच्याविषयी शेवटचा निर्णय मतदार नोंदणी अधिकारी चौकशी करून देतो. गावाविषयीची ओढ कोणी सोडावी असे आम्ही म्हणत नाही. तथापि मुंबईच्या चाळीतील पाणी, रेल्वेची गर्दी, घरभाडे, ह्यांचे दुःख जो रोज सोसतो, त्याने तेथील प्रतिनिधी निवडण्याचा हक्क केवळ मायेपोटी गमावावा, हे आम्हांस शहाणपणाचे वाटत नाही.

दोन्हीकडे नाव ठेवता येईल काय? नाही. १७ व्या कलमाप्रमाणे एका मनुष्याचे नाव एकाहून अधिक मतदारसंघांत असू शकत नाही, आणि १८ व्याप्रमाणे एकाच मतदारसंघात दोनदाही नाही. नाव घालताना अथवा वगळताना जाणूनबुजून खोटे लिहून दिल्यास एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, अशी ३१ व्या कलमात शिक्षा आहे. आणि ज्याने तेरा दिवसांच्या अंतराचा फायदा घेऊन दोन मतदारसंघांत मत दिले, त्याची तर दोन्हीही मते सन १९५१ च्या कायद्याच्या ६२ व्या कलमाने रद्द ठरतात. शिवाय ती शाई तेरा दिवसांत जात नाही. कातडीवरची लवकर फिकी पडली, तरी नखावरची खूण नख वाढून कापले जाईपर्यंत राहते.

नावाची व्यवस्था करण्याचे अर्ज थोडे व सोपे आहेत. यादीत प्रथमच नाव घालावयाचे असल्यास नमुना ६. बिऱ्हाड हलविले, नावात चूक आहे, ओळखपत्र हरवले, अथवा अपंगत्वाची नोंद करावयाची आहे, तर नमुना ८. कोणाचे नाव वगळावे अशी हरकत घ्यावयाची तर नमुना ७. पूर्वी १ जानेवारीस ज्यास १८ वर्षे पूर्ण झाली असतील त्यासच त्या वर्षी नोंदणी मिळे. जो २ जानेवारीस अठराचा झाला तो सारे वर्ष थांबे. सन २०२१ च्या दुरुस्तीनंतर १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर अशा चार तारखा झाल्या आहेत. अर्ज गावच्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे, ज्यास लोक बीएलओ म्हणतात, किंवा देवगडास तहसील कचेरीत द्यावा. आता तो घरबसल्या मोबाइलवरूनही भरता येतो. मात्र उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख गेली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद होते. सन २०२४ मध्ये आपल्याकडे ही तारीख १९ एप्रिल होती. मतदानास अठरा दिवस उरले असता ज्यांनी धावपळ केली, त्यांस रिकाम्या हाताने परतावे लागले असेल.

येथे आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळांस वाटते की छायाचित्राचे ओळखपत्र हाती आहे म्हणजे मत आहे. तसे नव्हे. ओळखपत्र हे तुम्ही कोण ते सांगते. मताचा अधिकार यादीतील नावाने येतो. नाव नसेल तर ओळखपत्र व्यर्थ, आणि नाव असून ओळखपत्र घरी राहिले तर आधार कार्ड, रोजगार हमीचे कार्ड, छायाचित्र असलेले बँकेचे अथवा टपाल कचेरीचे पासबुक, गाडी चालविण्याचा परवाना, पासपोर्ट, अपंगत्वाचे कार्ड, अशांपैकी एक दाखवून मत देता येते. घरोघर वाटली जाणारी मतदार चिठ्ठी केवळ खोली व क्रमांक शोधण्याच्या सोयीची आहे. सन २०१९ पासून ती एकटी ओळखीचा पुरावा म्हणून चालत नाही.

यादीत नाव कसे लिहिले आहे हेही पाहावे, विशेषेकरून बहिणींनी. सन १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी देशात सुमारे १७ कोटी ३० लक्ष मतदार नोंदले गेले; परंतु उत्तरेकडील प्रांतांत पुष्कळ स्त्रियांनी आपले नाव परक्यास सांगण्यास नकार दिला आणि अमक्याची बायको, तमक्याची आई, असे लिहून दिले. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन ह्यांनी अशी नोंद मान्य केली नाही, आणि सुमारे २८ लक्ष स्त्रियांची नावे यादीतून गेली. आज तसे कोणी करीत नाही. पण माहेरचे नाव एका कागदावर, सासरचे दुसऱ्यावर, बाप्तिस्म्याचे तिसऱ्यावर, आणि यादीत चौथेच, असा प्रकार आपल्या घरांतून अजून आढळतो. नमुना ८ त्याचसाठी आहे.

आता मत देण्याच्या मार्गांकडे वळू. पहिला आणि राजमार्ग म्हणजे स्वतः मतदान केंद्रावर जाणे. विजयदुर्ग हा देवगड तालुक्यातील गाव असून कणकवली विधानसभा मतदारसंघात येतो. खाडीपलीकडचा काठ रत्नागिरी जिल्ह्यात पडतो व तो राजापूर विधानसभा मतदारसंघात आहे. तथापि लोकसभेपुरते दोन्ही काठ एकाच मतदारसंघाचे आहेत. चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी असे सहा भाग मिळून तो झाला आहे. सन २००८ च्या पुनर्रचनेपूर्वी येथे राजापूर नावाचा लोकसभा मतदारसंघ होता. बॅरिस्टर नाथ पै आणि त्यांच्यामागून प्राध्यापक मधु दंडवते ह्यांस ह्याच राजापुराने दिल्लीस पाठविले, आणि दंडवते ह्यांस तर १९७१ पासून १९८९ पर्यंत लागोपाठ पाच वेळा.

आपल्या आजोबांनी जे मत दिले ते आजच्यासारखे नव्हते. सन १९५२ व १९५७ मध्ये प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे, तिच्यावर बैलजोडी, झोपडी असे चिन्ह चिकटवलेले असे, आणि मतदाराने कोऱ्या मतपत्रिकेवर काही न लिहिता ती आपल्या पसंतीच्या पेटीत टाकावयाची. निरक्षर जनतेस ते सोपे पडले. पुढे सर्व नावे एका मतपत्रिकेवर छापून त्यावर शिक्का मारण्याची पद्धत आली. यंत्राचा पहिला प्रयोग केरळातील परूर येथे सन १९८२ मध्ये झाला, आणि २००४ च्या लोकसभा निवडणुकीत देशातील सर्व मतदारसंघांत यंत्रेच होती.

केंद्रात शिरल्यावर पहिला अधिकारी यादीत नाव पाहून ते मोठ्याने वाचतो, म्हणजे उमेदवारांचे प्रतिनिधी ते ऐकतात. दुसरा डाव्या हाताच्या तर्जनीस शाई लावतो, नोंदवहीत सही किंवा अंगठा घेतो आणि चिठ्ठी देतो. तिसरा ती चिठ्ठी घेऊन आपल्या पुढील यंत्राचे बटन दाबतो, तेव्हाच आडोशाआडील मतयंत्र एका मतापुरते खुले होते. तेथे उमेदवाराचे नाव, छायाचित्र व चिन्ह असते. शेजारचे निळे बटन दाबले की लाल दिवा लागतो, आणि बाजूच्या व्हीव्हीपॅट यंत्राच्या काचेमागे त्याच उमेदवाराचे नाव व चिन्ह छापलेला कागद सात सेकंद दिसून खाली पेटीत पडतो. लांब शिटीसारखा आवाज झाला म्हणजे मत नोंदले गेले. सन २०१९ पासून हे यंत्र प्रत्येक केंद्रावर आहे. त्या सात सेकंदांत घाईने मागे फिरू नये. कागद वाचता न आला तरी चिन्ह पाहावे. दाबले एक आणि दिसले दुसरे, असे खरोखर झाल्यास केंद्राध्यक्षास तेथेच सांगता येते. तो लेखी प्रतिज्ञापन घेऊन सर्वांसमक्ष परीक्षा करतो. मात्र खोटी तक्रार शिक्षेस पात्र आहे.

सर्वांत खालचे बटन 'वरीलपैकी कोणीही नाही' ह्याचे असते, ज्यास नोटा म्हणतात. २७ सप्टेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालावरून ते आले. नोटाची मते सर्वांहून अधिक झाली तरी लोकसभेच्या निवडणुकीत उमेदवारांपैकी ज्यास जास्त मते, तोच निवडून येतो. त्याचा उपयोग आपली नाराजी मोजून दाखविण्यापुरता आहे.

जे केंद्रापर्यंत येऊ शकत नाहीत त्यांचे काय? ह्याविषयी खेड्यांत फार थोडी माहिती आहे, म्हणून येथे जरा विस्ताराने सांगतो. ८५ वर्षे वयाचे व त्याहून वृद्ध मतदार, तसेच ज्यांचे अपंगत्व निदान ४० टक्के आहे असे मतदार, ह्यांस घरी मत देता येते. पूर्वी ही वयोमर्यादा ८० होती. १ मार्च २०२४ रोजी नियम बदलून ती ८५ करण्यात आली. ह्यासाठी नमुना १२घ भरावा लागतो, आणि तो निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांच्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोहोचला पाहिजे. सन २०२४ मध्ये आपली अधिसूचना १२ एप्रिलला निघाली होती, तेव्हा १७ एप्रिलनंतर अर्ज केलेल्यास ही सोय मिळण्याजोगी नव्हती. अर्ज बीएलओने घरी आणून द्यावयाचा असतो. तो आला नाही तर मागावयास लाज कसली? अर्ज मंजूर झाला म्हणजे ठरलेल्या दिवशी मतदान अधिकाऱ्यांचे पथक, पोलीस आणि चित्रीकरण करणारा मनुष्य घरी येतात. उमेदवारांच्या प्रतिनिधींस आधी कळविलेले असते. मतदाराने आडोशाला कागदी मतपत्रिकेवर खूण करावयाची, ती लहान पाकिटात घालावयाची, आणि ते पाकीट प्रतिज्ञापत्रासह मोठ्या पाकिटात बंद करून द्यावयाचे. चित्रीकरण येण्याजाण्याचे व ओळखीचे होते, खुणेचे नव्हे. पथकास मतदार घरी भेटला नाही तर ते आणखी एकदा येते, तिसऱ्यांदा येत नाही. आणि ज्याने हा मार्ग एकदा पत्करला त्याचे नाव यादीत तसे नोंदले जाते. पुढे त्यास बरे वाटले म्हणून तो केंद्रावर गेला, तर तेथे मत मिळणार नाही.

सैन्यात असलेल्यांचा मार्ग वेगळा आहे. आपल्या जिल्ह्यातून सैन्यात गेलेली घरे काही थोडी नाहीत. सैनिक, राज्याबाहेर नेमलेले सशस्त्र पोलीस, व परदेशी नेमणुकीवर असलेले सरकारी नोकर ह्यांस सेवा मतदार म्हणतात. ते कोठेही असले तरी त्यांचे नाव मूळ गावच्या यादीच्या शेवटच्या भागात राहते. त्यांस मतपत्रिका आता तारेने, म्हणजे संगणकाच्या जाळ्यातून, जाते. ती छापून, खूण करून, टपालाने परत पाठवावी लागते, आणि मतमोजणीच्या दिवशी मोजणी सुरू होण्याच्या घटकेपूर्वी पोहोचली तरच ती धरली जाते. सैनिकाबरोबर राहणाऱ्या पत्नीस हा हक्क पूर्वीपासून होता. स्त्री सैनिकाच्या पतीस तो नव्हता. २०२१ च्या दुरुस्तीने पतीसही तो मिळाला. सैनिकास आणखीही एक मार्ग आहे: गावच्या रहिवाशास आपल्या वतीने मत देण्यास नेमणे. असा नेमलेला मनुष्य केंद्रावर येऊन सैनिकाचे मत देतो, आणि त्याच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटास शाई लावतात, म्हणजे त्याचे स्वतःचे मत तर्जनीसाठी मोकळे राहते. ही मुभा सैनिकी सेवेच्या मतदारांसच आहे. दुसऱ्या कोणासही, मग तो बाप असो की पती, आपले मत दुसऱ्याच्या हाती देता येत नाही.

निवडणुकीच्या कामावर नेमलेले शिक्षक व नोकर ह्यांसाठी टपाली मत किंवा जेथे काम आहे त्याच केंद्रावर मत देण्याचा दाखला, अशी सोय आहे. ज्यांस नेमणूक येते त्यांस ती शिकवणीच्या वेळी सांगतात. तुरुंगातील कैद्यास मत नाही, पण केवळ प्रतिबंधक कायद्याखाली स्थानबद्ध केलेल्यास टपालाने आहे.

परंतु समुद्रावर असलेल्या मनुष्यास काय? हा प्रश्न विजयदुर्गासारख्या बंदराच्या गावी कोणी केला तर आम्हांस समाधानकारक उत्तर देता येणार नाही. मतदान ७ मे रोजी झाले तेव्हा मासेमारीचा हंगाम चालू होता, पावसाळी बंदी १ जूनची. जो खलाशी त्या दिवशी दर्यात होता त्याच्याकडे कोणतीही मतपत्रिका गेली नाही. व्यापारी जहाजांवर महिनोन्‌महिने असणारे आपले तरुण सेवा मतदारांत गणले जात नाहीत. आखातात नोकरीस गेलेल्यांस सन २०१० च्या दुरुस्तीने आपल्या पासपोर्टवरील गावी नाव नोंदविता येते, त्यासाठी नमुना ६अ आहे. परंतु मत द्यावयाचे तर समक्ष येऊन, मूळ पासपोर्ट दाखवून. त्यांच्या वतीने दुसऱ्याने मत द्यावे असे विधेयक लोकसभेने ऑगस्ट २०१८ मध्ये संमत केले, पण राज्यसभेत ते मंजूर होण्यापूर्वीच ती लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक बुडाले. देशातल्या देशात कामासाठी दूर गेलेल्यांकरिता एकाच केंद्रावरून ७२ मतदारसंघांची मते घेणारे यंत्र निवडणूक आयोगाने तयार करून जानेवारी २०२३ मध्ये पक्षांपुढे मांडले. पक्षांनी शंका काढल्या, आणि ते यंत्र कोणत्याही निवडणुकीत वापरले गेलेले नाही. म्हणून नौकेच्या तांडेलाने त्या एका दिवशी नौका बंदरात ठेवावी, ह्यापलीकडे सध्या उपाय दिसत नाही, आणि एका दिवसाची कमाई बुडविण्याचे हे ओझे गरिबावरच पडते हे आम्ही जाणतो. नोकरदारास निदान कायद्याचा आधार आहे: १३५ख ह्या कलमाप्रमाणे मतदानाच्या दिवशी त्यास पगारी सुटी दिली पाहिजे, रोजंदारीवरील मजुरासही; ज्याच्या गैरहजेरीने धोका अथवा मोठे नुकसान होईल अशा कामांचा तेवढा अपवाद आहे.

मुंबईहून गावी मतदारांस आणणाऱ्या फुकट गाड्यांविषयीही एक शब्द सांगितला पाहिजे. आपल्या पैशाने वर्गणी काढून गाडी केली तर त्यात काही वावगे नाही. परंतु उमेदवाराने अथवा त्याच्या संमतीने दुसऱ्याने गाडी भाड्याने घेऊन मतदारांस फुकट नेणे हे १२३ व्या कलमाप्रमाणे भ्रष्ट आचरण आहे, आणि त्यावरून निवडणूक रद्द होऊ शकते. लाच देणाराच नव्हे, घेणाराही दोषी आहे. गाडीत बसताना भाडे कोण देतो एवढे विचारण्यास हरकत नसावी.

त्याच कलमात उपदेशक बंधूंनी लक्षपूर्वक वाचण्याजोगे एक वाक्य आहे. अमक्यास मत दिले किंवा न दिले तर देवाचा कोप होईल, अथवा धर्माचा दंड भोगावा लागेल, असे मतदाराच्या मनात भरविणे हा गैरवाजवी दबाव ठरतो. धर्म, जात, भाषा ह्यांच्या नावावर मत मागणेही भ्रष्ट आचरण आहे. उमेदवाराच्याच नव्हे, मतदाराच्या धर्माच्या नावाने मागितले तरीही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी २ जानेवारी २०१७ रोजी चारास तीन अशा बहुमताने ठरविले. तो दावा मुंबईच्या सांताक्रूझ मतदारसंघातील १९९० च्या निवडणुकीतून निघाला होता. उपासनामंदिर प्रचारासाठी वापरावयाचे नाही, हा आचारसंहितेचा नियम सर्व धर्मांस सारखा आहे. उपदेशकाने मत कसे द्यावे हे शिकवावे. कोणास द्यावे हे व्यासपीठावरून सांगू नये.

अंध अथवा दुर्बल मतदारास सोबती नेण्याची परवानगी आहे, आणि येथे उपदेशकांकडून प्रेमापोटी चूक होण्याचा संभव असतो. सोबती १८ वर्षांचा असावा, आणि त्या दिवशी तो एकाच मतदाराचा सोबती होऊ शकतो. मंडळीतील सहा वृद्ध बायांस एकट्याने आत नेणे त्यास शक्य नाही. केवळ वाचता येत नाही हे सोबतीस पुरेसे कारण नव्हे. ज्यास चिन्ह दिसत नाही अथवा बटन दाबता येत नाही त्यासच सोबती मिळतो. ज्या अंधास ब्रेल लिपी येते त्याच्यासाठी यंत्रावर त्या लिपीत अंक असतात. सोबत्याने आपण पाहिलेले मत कोणास सांगणार नाही असे लिहून द्यावे लागते.

मत गुप्त राहते काय, अशी भीती पुष्कळांस असते. जमीनदार, सावकार, किंवा वाडीतील वजनदार मनुष्य सांगतो, तू कोणास दिलेस ते मला कळेल. त्यास ते कळत नाही. कोणी कोणते बटन दाबले ह्याची नोंद यंत्र ठेवीत नाही, आणि आपण कोणास मत दिले हे सांगण्यास कोणासही, न्यायालयातसुद्धा, भाग पाडता येत नाही. पण सारे खरे सांगावयाचे तर एवढेही सांगितले पाहिजे की, प्रत्येक केंद्राची बेरीज प्रसिद्ध होते. लहान वाडीचे स्वतंत्र केंद्र असेल तर एका माणसाचे मत कळत नाही, पण वाडीचा कल कळतो. कागदी मतपत्रिकांच्या काळात निरनिराळ्या पेट्यांतील मते मोजणीपूर्वी मिसळता येत. यंत्रांची मते तशी एकत्र मोजावीत असे निवडणूक आयोगाने सन २००८ मध्ये सुचविले आणि २०१५ मध्ये विधी आयोगानेही त्यास दुजोरा दिला, पण ते अमलात आलेले नाही.

शेवटी, केंद्रावर काही विपरीत घडले तर काय करावे. उमेदवाराच्या प्रतिनिधीने तुमच्या ओळखीविषयी हरकत घेतली, तर त्यास दोन रुपये भरावे लागतात व केंद्राध्यक्ष तेथेच चौकशी करतो. हरकत खोटी ठरली की तुम्ही मत देता. शांतपणे उत्तरे द्यावीत. सायंकाळी वेळ संपण्याच्या क्षणी जे रांगेत उभे असतील त्या सर्वांस, रात्र झाली तरी, मत देता येते.

आणि तुम्ही पोहोचलात, पण तुमच्या नावावर दुसराच कोणी मत देऊन गेला आहे असे आढळले तर? बहुतेक लोक येथे कपाळास हात लावून घरी जातात. घरी जाऊ नये. केंद्राध्यक्षास सांगावे की मला प्रदत्त मत द्यावयाचे आहे. तो तुमची ओळख विचारील, आणि खात्री पटल्यावर नमुना १७ख मध्ये तुमची सही घेईल. यंत्रावर तुम्हांस मत मिळणार नाही. एक कागदी मतपत्रिका मिळेल. तिच्यावर बाणफुलीच्या शिक्क्याने खूण करून ती घडी घालून परत द्यावयाची, आणि ती वेगळ्या पाकिटात मोहोरबंद होते. मोजणीच्या दिवशी ती मोजली जात नाही. निकालावर दावा झाला आणि न्यायालयाने मागविली तर मात्र ती उघडते. राजस्थानात नाथद्वारा येथे सन २००८ मध्ये सी. पी. जोशी केवळ एका मताने पडले, तेव्हा अशाच प्रदत्त मतांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघाचा २०२४ चा निकाल ४८ मतांचा होता, आणि त्या मतदारसंघात कोकणातून गेलेली बिऱ्हाडे पुष्कळ आहेत.